बूमच्या पोटाखालची वीतभर जागा

मुंबई बंदरात सकाळचा मतलई वारा पडला की तास-दीड तास पाणी हलत नाही. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा भरू लागतो आणि चार वाजेपर्यंत छोट्या बोटींना पुरून उरेल इतका होतो. शर्यतीच्या बोटी टॅक, म्हणजे नागमोडी वळणे, घेत घेत वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या मार्कपर्यंत, म्हणजे तरंगत्या खुणेपर्यंत, चढतात, मार्क डाव्या हाताला ठेवून वळतात आणि वारा पाठीवर घेऊन खाली सुटतात. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी नळी, मोडायची असेल, तर ती बहुतेक वेळा या वळणावर किंवा त्यानंतरच्या दोन मिनिटांत मोडते. शीड पूर्ण बाहेर सोडलेले असते, बोट एका अंगावर कलते, बूमचे टोक लाटेत बुडते आणि बोट मात्र पुढे जात राहते. पाणी टोकाला मागे आणि वर रेटते. एक ठोका ऐकू येतो, आडवी नळी मधूनच दुमडते आणि शिडाचा सगळा आकार जातो.

किनाऱ्यावर आल्यावर सांगितले जाते, "वारा फार होता." वारा होताच. पण मोडलेल्या नळीचे तोंड उन्हात धरून पाहावे. पुष्कळदा तिथे दोन रंग दिसतात. एका भोकाच्या कडेपासून निघालेली पट्टी काळपट, करडी आणि गुळगुळीत असते. उरलेला भाग खरखरीत आणि चकचकीत. चकचकीत भाग त्या दुपारी तुटलेला. काळपट पट्टी मात्र त्याआधी कित्येक शर्यती तुटत होती. त्या तडीत खारे पाणी जाऊन सुकत होते आणि बोट तशीच पाण्यात उतरत होती.

हा लेख त्या काळपट पट्टीविषयी आहे. ती कुठे सुरू होते, का सुरू होते, वेळीच कशी सापडते आणि सापडल्यावर काय करायचे, एवढेच यात आहे. शिडांच्या बोटींवर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा शर्यतींविषयी, पदकांविषयी, नाहीतर पृथ्वीप्रदक्षिणांविषयी. बोटीच्या एका आडव्या नळीविषयी कोणी लिहीत नाही, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले याच नळीखाली डोके वाकवून बसलेली असतात.

कोकणातल्या मचव्याला बूम नसते. तिथे शीड वरच्या तिरक्या काठीला बांधलेले असते आणि खालचा मोकळा कोपरा दोराने ताणतात. शर्यतीच्या डिंगीत शिडाची खालची कड या आडव्या नळीवर येते. तिचे पुढचे टोक मास्टला, म्हणजे डोलकाठीला, गूझनेकच्या बिजागरीने अडकवलेले, मागच्या टोकाला आउटहॉलच्या दोरीने शिडाचा कोपरा ताणलेला. मेनशीट ही दोरी ओढली की बूम आत येते. शीड बाहेर सोडले की मेनशीटला बूम खाली दाबून ठेवता येत नाही. ते काम मास्टच्या पायथ्यापासून बूमच्या पोटापर्यंत तिरकी जाणारी दोरी, व्हँग, करते. जुने लोक तिला किकर म्हणतात.

भारतात एका पिढीने शर्यत शिकली ती एंटरप्राइजवर. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने 1956 साली आखलेली ही दोघांची बोट, 4.04 मीटर लांब, निळ्या शिडांची. तिच्या शेजारी फायरबॉल आली, पीटर मिल्नने 1962 मध्ये आखलेली, चपट्या नाकाची आणि जास्त अवखळ. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या पाण्यावर झाल्या आणि फायरबॉलमध्ये फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. आज एकट्याने चालवायची आयएलसीए, म्हणजे पूर्वीची लेझर, सगळीकडे दिसते. हांगझोऊच्या आशियाई खेळांत 2023 साली विष्णू सरवणनचे कांस्य आणि नेहा ठाकूरचे रौप्य याच कुळातल्या बोटींवरचे. बोटी बदलल्या, शिडांचे कापड बदलले. बूमच्या पोटाला खालून ओढणारी व्हँग मात्र तिथेच आहे.

ती किती जोराने ओढते याचा हिशोब प्रत्येक खलाशाने एकदा तरी कागदावर करावा. समजा, बूम अडीच मीटरची आहे आणि व्हँग गूझनेकपासून 60 सेंटिमीटरवर बसवली आहे. शिडाचा मागचा कोपरा बूमच्या टोकाला 40 किलोच्या जोराने वर ओढतो आहे. भरल्या वाऱ्यात हा आकडा अवाजवी नाही. बूम खाली राहायची तर व्हँगला 60 सेंटिमीटरच्या आखूड हाताने अडीच मीटरच्या लांब हाताशी झुंजायचे आहे. 40 गुणिले 2.5 भागिले 0.6, म्हणजे जवळजवळ 167 किलो, सरळ खाली. पण व्हँग सरळ खाली जात नाही, साधारण 45 अंशांत तिरकी जाते. म्हणून दोरीतला प्रत्यक्ष ताण 235 किलोच्या आसपास. खलाशी काही 235 किलो ओढत नाही. कप्प्यांच्या साखळीने त्याचा हात सोळापट झालेला असतो. बसल्या जागी, दात न आवळता, एका हाताने तो एवढा भार बूमच्या एका बिंदूवर टाकू शकतो, आणि त्याच्या हाताला त्याची जाणीवही होत नाही.

आता ही नळी वाकते कशी ते पाहा. मागचे टोक शीड वर ओढते, पुढचे टोक गूझनेक वर रेटते आणि मधे व्हँग खाली खेचते. म्हणजे बूमचे पोट ताणले जाते आणि पाठ दाबली जाते. सगळ्यात जास्त ताण व्हँग जिथे अडकवली आहे तिथेच, तोही अगदी तळाशी. आणि व्हँगची कडी बसवायला बनवणाऱ्याने भोके पाडलेली असतात ती नेमकी तिथेच, तळाशी.

बाहेरून 60 मिलिमीटर व्यासाची आणि 2 मिलिमीटर जाडीची नळी धरली, तर वरच्या हिशोबातल्या भाराने तिच्या पोटाशी दर चौरस मिलिमीटरला सुमारे 15 किलो ताण येतो. 6061-टी6 जातीचे चांगले अॅल्युमिनियम साधारण 28 किलोपर्यंत कायमचे वाकत नाही. हिशोब जवळजवळ दुप्पट सुरक्षित वाटतो. पण तो अखंड नळीचा हिशोब आहे. एर्न्स्ट गुस्ताव किर्श या जर्मन अभियंत्याने 1898 मध्ये गणिताने दाखवून दिले की ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या कडेवर ताण तिप्पट होतो. ओढ्याच्या मधोमध खांब रोवला की पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी दाटीने जाते, तसा भोकाच्या दोन्ही अंगांना ताण दाटतो. 15 चे 45 झाले. धातू तिथे, केसाएवढ्या जागेत, प्रत्येक मोठ्या झोताला जरासा खेचला जातो आणि पुन्हा दाबला जातो. एका शर्यतीत हे शेकडो वेळा घडते.

पोलादाचे एक बरे असते: ताण ठरावीक मर्यादेखाली ठेवला तर तो जवळपास कितीही वेळा सोसतो. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा दिला तर धातू थकतो आणि तड जाते. जगाला हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. 1954 साली कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमाने हवेत फुटली. नंतर फार्नबरोला पाण्याच्या टाकीत एका कॉमेटचे धड पुन्हा पुन्हा फुगवून पाहिले, तेव्हा अॅल्युमिनियमच्या पत्र्यातल्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांपाशी, रिव्हेटच्या भोकांजवळ थकव्याच्या तडा निघाल्या. बूम मोडली म्हणून सहसा कोणी मरत नाही, पण धातू तोच आणि थकवाही तोच.

आपल्याकडे यात भर पडते ती पावसाळ्याची. मुंबईतल्या शर्यती जूनमध्ये थांबतात. बोटी शेडमध्ये उलट्या टाकल्या जातात, मास्ट आणि बूम कैचीवर जातात. चार महिने हवा ओली, आणि नळीच्या आत मागच्या मोसमाचे मीठ तसेच. कड्या स्टेनलेसच्या, नळी अॅल्युमिनियमची, मधे खारा ओलावा. दोन वेगळे धातू आणि मधे मिठाचे पाणी म्हणजे बॅटरीच झाली, आणि तिच्यात झिजते ते अॅल्युमिनियम. दसऱ्यानंतर बूम खाली काढली की कडीच्या भोवती पांढरी भुकटी दिसते, रंग फुगलेला दिसतो. ती भुकटी म्हणजे नळीचीच गेलेली जाडी आहे. ती फडक्याने पुसून बोट पाण्यात टाकणाऱ्यांचा मला राग येतो, कारण पुसल्यावर नळी नवी दिसते आणि पुढच्या माणसाला इशाराच उरत नाही.

कुलाब्याच्या बाजूच्या एका शेडमध्ये बोटींची डागडुजी करणारे एक कोळी गृहस्थ आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. लाकडी बोटींवर हात बसलेला, पुढे फायबर आणि अॅल्युमिनियम शिकले. मोसम सुरू होण्याआधी एका कॉलेजातल्या मुलीने तिच्या एंटरप्राइजची बूम त्यांच्याकडे आणली, तेव्हा मी तिथे होतो. बूम तिला तरी ठीक दिसत होती. नानांनी आधी सगळ्या कप्प्या, दोऱ्या आणि टोकांची बुचे काढायला लावली. मग साबणाच्या पाण्याने बाहेरून धुणे, नळाचे पाणी आतून सोडणे, फडके, ऊन.

"आता डोळा लाव, बाय," ते म्हणाले. तिने एका टोकाला डोळा लावून नळीच्या अंगाने पाहिले. मग दोन्ही टोकांना दोरा ताणून लावला. कुठे कायमचा बाक आला असेल तर दोऱ्यापाशी तो लपत नाही. बाक नव्हता. नंतर बॅटरी नळीच्या आत, एका टोकातून. आतून जाणाऱ्या आउटहॉलच्या दोरीने कुठे चर पाडला आहे का, रिव्हेटचे गंजलेले खिळे आत पडून राहिले आहेत का. दोन पडलेले निघाले, तांबूस भुगा होत आलेले.

मग नानांनी कापसाचा बोळा घेतला आणि व्हँगच्या कडीभोवती सावकाश फिरवला. कापसाचे तंतू एका जागी अडकले. तिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते. त्यांनी बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरली, आणि त्या रिव्हेटच्या डोक्याभोवती शाई सांडल्यासारखे एक बारीक काळपट कडे उठून दिसले, मागच्या बाजूला थोडे ओघळलेले.

"ही काय घाण आहे, नाना?"

"घाण नाय. रिव्हेट हलतेय. हलते म्हणून घासते, घासते म्हणून काळे येते."

सैल रिव्हेटचे हे लक्षण विमाने तपासणारेही पहिल्यांदा शोधतात. घट्ट रिव्हेटभोवती काळे येत नाही. नानांनी नखाने रिव्हेटच्या डोक्यावर दाब दिला, ते किंचित फिरले. त्यांनी ड्रिलने डोके उडवून कडी काढली, भोकाची कड कानशीने नव्हे तर बारीक पॉलिश पेपरने साफ केली आणि वेल्डिंगवाल्यांकडे मिळणारे तीन डबे काढले. पहिल्याने जागा स्वच्छ करायची. दुसऱ्यातला लाल रंग फवारून दहा मिनिटे थांबायचे. तो तडीत शिरतो. वरचा रंग पुसून टाकायचा आणि तिसऱ्यातला पांढरा थर मारायचा. तड असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो.

पांढरा थर सुकत गेला, आणि मागच्या भोकाच्या एका कडेपासून लाल रेघ निघाली. सात-आठ मिलिमीटरची, नळीच्या आडव्या दिशेला, म्हणजे ताणाच्या बरोबर काटकोनात. मुलगी तिच्याकडे पाहत राहिली. मागच्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत तिने याच बूमवर व्हँग पूर्ण आवळली होती.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो वेल्डिंगचा. तो ऐकू नये. टी6 म्हणजे उष्णतेच्या प्रक्रियेने आणलेली ताकद; वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या दोन्ही बाजूंची ही ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. तड भरते, आणि तिच्या शेजारी मऊ पडलेला पट्टा तयार होतो, तोही सगळ्यात जास्त ताणाच्या जागी. दुसरा सल्ला मिळतो वरून जाड पट्टी ठोकण्याचा. चार नवी भोके, पुन्हा तळाशी. दिसायला भक्कम, प्रत्यक्षात पट्टी संपते तिथे नळी एकाएकी लवचीक होते आणि पुढची तड तिथे येते.

नवी नळी मिळत असेल तर तड गेलेली टाकून द्यावी, हे माझे मत आहे, आणि नानांचेही. पण नवी नळी प्रत्येकाला, प्रत्येक वेळी मिळत नाही. तेव्हा मजबुतीचा खरा मार्ग म्हणजे आतला स्लीव्ह: बूमच्या आत घट्ट सरकेल अशी दुसरी नळी. शिडासाठी खाच असलेल्या बूममध्ये गोल नळी सरकत नाही; तिथे स्लीव्ह लांबीने चिरून खाचेला जागा द्यावी लागते. लांबी व्हँगच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन व्यासांची हवी. नाना मोजपट्टी घेत नाहीत, वीत टाकतात: एक वीत पुढे, एक वीत मागे. 60 मिलिमीटरच्या नळीला ती पुरून थोडी उरते.

स्लीव्हची टोके सरळ कापायची नाहीत. दोन्ही टोकांना खोल तिरके काप घेऊन निमुळत्या जिभा ठेवायच्या, म्हणजे ताकद हळूहळू वाढते आणि हळूहळू उतरते. या एका कापाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि सगळी दुरुस्ती त्यावर टिकून असते.

तडीच्या टोकाला 3 मिलिमीटरचे भोक पाडायचे. अणकुचीदार टोक गोल झाले की तड पुढे सरकायला अडते. मग चिकटवणे. अॅल्युमिनियमवर हवेत मिनिटांत पुन्हा ऑक्साइडचा थर येतो आणि इपॉक्सी धातूला न धरता त्या थराला धरते. म्हणून अॅसिटोनने पुसल्यावर पातळ इपॉक्सी लावून, ती ओली असतानाच पॉलिश पेपरने घासायची. धातू उघडा पडतो तो हवेत न पडता इपॉक्सीतच पडतो. मग घट्ट केलेली इपॉक्सी लावून स्लीव्ह फिरवत आत सरकवायचा. रिव्हेट हवे असतील तर ते नळीच्या कुशीत, मध्यउंचीवर, जिथे वाकण्याचा ताण जवळजवळ शून्य असतो, आणि तेही एका कड्यात नव्हे तर मागेपुढे. रिव्हेट निकेल-तांब्याच्या मोनेलचे. भोकात बसवण्याआधी प्रत्येकाला दोन धातू वेगळे ठेवणारी पेस्ट.

आणि कडी पुन्हा त्याच भोकांत बसवायची का? नानांनी बसवली नाही. जुनी भोके इपॉक्सीने बुजवली आणि बूमला डायनीमाच्या दोरीचा फास घातला. व्हँग आता त्या फासाला. दोरी नळीला मिठी मारून भार सगळ्या परिघावर वाटते, तळाला भोक लागत नाही. ती पुढे सरकू नये म्हणून कुशीत एक छोटी अडक, बस. मेनशीटच्या मधल्या कप्प्यालाही हेच करता येते. मजबुती म्हटले की आपल्याला धातू वाढवणे सुचते. भोक कमी करणे ही त्याहून मोठी मजबुती आहे आणि तिचे वजन काही ग्रॅम भरते. वजनही क्षुल्लक नाही. मंद वाऱ्यात जड बूम स्वतःच्या भाराने शिडाचा मागचा कोपरा खाली ओढते आणि शीड भरतच नाही.

हे सगळे करण्याआधी मात्र आपल्या बोटीच्या वर्गाचे नियमपुस्तक उघडावे. आयएलसीएमध्ये जे करायची परवानगी नियमात दिलेली नाही ते निषिद्ध असते, आणि बूम परवानाधारक उत्पादकाचीच हवी. मोजमापाच्या वर्गांत मोकळीक जास्त, पण तिथेही बूमचा छेद, फिटिंगची जागा यांवर अटी असू शकतात. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला 78 वा नियम ही जबाबदारी बोटीच्या मालकावर आणि ती चालवणाऱ्यावर टाकतो. चांगली दुरुस्ती करून निषेधात शर्यत गमावणे फार वाईट वाटणारी गोष्ट आहे, म्हणून मोजणीदाराला आधी विचारावे.

लाकडी बूम आता थोड्याच बोटींवर उरल्या. त्यांची तपासणी सोपी: लाकूड आधी कुरकुरते, तंतूंच्या दिशेने चिरते, स्क्रूच्या भोकाशी काळे पडते, जोड द्यायचा तर एकास आठ उताराचा तिरका जोड. कार्बनची बूम हलकी आणि ताठ. पण तिच्यावर टणक वस्तू आपटली तर आतले थर सुटतात आणि वरून कळत नाही. नाण्याने ठोकत जावे. आवाज जिथे बद्द होतो तिथे थांबावे.

दुरुस्त बूमही चालवण्याच्या सवयीने मोडते किंवा टिकते. भरल्या वाऱ्यात वरच्या मार्कला वळण्याआधी व्हँग सैल करावी. मग बूमचे टोक लाटेत बुडाले तरी ते वर उचलायला वाव राहतो. आवळलेली असेल तर तो सगळा धक्का पोटाखालच्या त्या जागेवर येतो. एंटरप्राइजसारख्या शराउड, म्हणजे मास्टला धरणाऱ्या तारा, असलेल्या बोटीत नकळत जाइब झाली, म्हणजे शीड झटक्यात दुसऱ्या अंगाला गेले, तर बूम शराउडच्या तारेवर आपटते. तिथला ओरखडा दर शर्यतीनंतर बोटाने पाहावा. त्या ओरखड्यातूनही तड निघते.

इपॉक्सी चोवीस तास सुकली आणि दुसऱ्या दिवशी नानांनी बूम दोन लाकडी घोड्यांवर ठेवली, एक आधार गूझनेकच्या टोकाला, एक आउटहॉलच्या टोकाला. व्हँगच्या फासाला 20 लिटरचे पाण्याचे कॅन अडकवायला सुरुवात केली. दोन्ही टोके खालून वर रेटलेली, मधे भार खाली: समुद्रावर घडते तेच, उलगडून जमिनीवर. मुलीने दोरा ताणला आणि प्रत्येक कॅननंतर नळी दोऱ्यापासून किती खाली गेली ते पट्टीने मोजून वहीत लिहिले. आठव्या कॅनला 160 किलो झाले. मग एकेक कॅन उतरवला आणि तीच मापे उलट्या क्रमाने घेतली. शेवटचा उतरल्यावर नळी दोऱ्याला परत आली नाही, मिलिमीटरभर जरी खाली राहिली, तरी ती बूम शर्यतीला न्यायची नाही, हे नानांनी आधीच सांगून ठेवले होते. ती परत आली. मुलीने वहीत तारीख घातली, खाली रिव्हेटांची जागा दाखवणारी आकृती काढली, आणि जूनमध्ये बोट शेडमध्ये टाकण्याआधी पुन्हा मापे घेण्यासाठी पुढचे पान कोरे सोडले.